मायला समुद्र दाखवून आणला: फास्टॅग, समृद्धी, अटल सेतू अन साडेचारची भरती

माझे बाबा दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जायचे. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. शकुंतला, म्हणजे आमच्याकडची छोटी रेल्वे, सुरू होती तोवर ते तिनं मूर्तिजापूरला जायचे अन तिथून मोठी रेल्वे पकडायचे, ती बंद पडल्यावर एसटीनं बडनेऱ्याला. दादरला उतरून पायीच. येताना शिवाजी पार्कवरच्या दुकानातून एक कॅलेंडर अन एक पुस्तक आणायचे, ती पुस्तकं अजून घरात आहेत. माय एकदाही गेली नाही कारण डिसेंबर म्हणजे कापसाची वेचणी, अन वेचणीच्या दिवसात दोघांनी घर सोडणं आमच्याकडे जमतच नव्हतं. बाबा तिला सांगायचे, आपल्या वावरातून नजर पोचते तेवढं सगळं पानी, अन ते हलते. बाबाला जाऊन चार वर्षं झाली. यंदा पावसानं सोयाबीन गेलं, कापसाची बोंडंही सडली, त्यामुळे वेचणी लवकर आटोपली अन माय स्वतःहूनच बोलली, "बाबू, यंदा मोकळी आहो, त्यो समुद्र दाखवतं का?"

रेल्वेनं नेलं असतं, पण तिचे गुडघे गेलेत, प्लॅटफॉर्मचे जिने होत नाहीत. म्हणून गाडीनं जायचं ठरलं, अन मी तोवर अमरावतीच्या पलीकडे गाडी नेली नव्हती. माहिती शोधली तर सगळी पुण्यामुंबईकडच्या लोकांनी लिहिलेली, आपल्यासारखा सेकंडहँड गाडीवाला तालुक्याच्या गावाहून निघाला तर त्याला काय काय लागते हे कुठंच नव्हतं, म्हणून सगळं तारखांसहित लिहून ठेवतो आहे.

गाडी २०१६ ची वॅगनआर, ऑगस्टमधे यवतमाळच्या एका माणसाकडून घेतली. एमएच २९ चीच होती म्हणून दुसऱ्या आरटीओची एनओसी लागली नाही, फॉर्म २९ अन ३०, पीयूसी, इन्शुरन्स अन दोघांचे आधारचे ओटीपी. एजंटला धरून अडीच हजार गेले अन आरसी नावावर होऊन हातात यायला २६ सप्टेंबर उजाडला. इन्शुरन्स स्वतःच्या नावावर करायला विसरू नका, व्यवहार झाल्यापासून १४ दिवसांत अर्ज करावा लागतो, माझा जेमतेम मुदतीत झाला.

मग नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट लावायचीच आहे, कारसाठी ७४५ रुपये अन जीएसटी धरून ८७९. ऑनलाईन पैसे भरले, अपॉइंटमेंट ११ नोव्हेंबरची मिळाली, तिथं जाऊन वीस मिनिटांत काम झालं. प्लेट आधी लावा अन फास्टॅगच्या मागं नंतर लागा, कारण माझ्या वेळी टॅगसाठी गाडीचा पुढून फोटो मागत होते अन त्यात प्लेट स्पष्ट दिसावी लागत होती.

फास्टॅगनं मात्र खरंच जीव काढला. गाडीवर जुन्या मालकाचा टॅग चिकटलेला होता अन त्यात दीडशे रुपये पण होते, तो म्हणाला वापरा तुम्ही. दोन महिने मी तोच वापरला. पण मेसेज त्याच्या मोबाईलवर जायचे, रिचार्ज करायला त्यालाच सांगा, अन मुंबईच्या रस्त्यावर मधातच बंद पडला तर काय, म्हणून नवीन घ्यायचं ठरवलं. १४ नोव्हेंबरला अर्ज केला, दुसऱ्या दिवशी रिजेक्ट. या गाडीवर आधीच टॅग चालू आहे. एक गाडी एक टॅग असा नियमच आहे, जुना बंद झाल्याशिवाय नवा निघत नाही, अन जुना बंद करायचा अधिकार ज्याच्या नावावर आहे त्यालाच. माणूस भला होता, पण त्याच्या बँकेच्या कस्टमर केअरनं त्याला तीनदा फोन करायला लावला, तीनदा वेगळं सांगितलं. शेवटी २१ ला त्यानं बंदची रिक्वेस्ट टाकली अन २५ ला तो खरोखर बंद झाला. तेव्हा गाडी घेता त्याच दिवशी, पैसे देता त्याच बैठकीत, मालकाच्या मोबाईलवरून टॅग बंद करून घ्या. त्याचं डिपॉझिट त्याला परत मिळते, त्याचंही नुकसान नाही.

नवा टॅग २९ नोव्हेंबरला पोस्टानं आला. शंभर टॅगचे, दोनशे डिपॉझिट, दोनशे बॅलन्स. काचेवर आतून मधात, आरशाच्या मागं चिकटवला. मग गाडीच्या पडताळणीसाठी परत फोटो, टॅग अन नंबर प्लेट एकाच फोटोत दिसायला पाहिजे होती. दुपारी काढलेले दोन फोटो काचेवर ऊन चमकते म्हणून परत आले, तिसरा सकाळी सहाला अंगणात काढला, तो पास झाला. ३ डिसेंबरला चालू. मी अडीच हजार टाकले. ५ तारखेला रात्री मेसेज, केवायसी अपूर्ण. आरसीवर माझं नाव आडनाव आधी असं, आधारवर नाव आधी. मी त्या रात्री झोपलो नाही खरं सांगतो, माय आतल्या खोलीत डब्यांची यादी करत होती अन मी अंधारात ॲप उघडून बसलो होतो. दारव्ह्याच्या एका पोरानं पॅन कार्ड जोडून परत अपलोड करून दिलं, ८ तारखेला दुपारी क्लिअर झालं. ९ ला निघायचं होतं.

मधात एक सल्ला सगळेच देत होते, तीन हजारांचा वार्षिक पास काढ, वर्षभर कटकट नाही. काढणारच होतो, पण त्या ॲपवर नाक्यांची यादी पाहिली. तो पास राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांना चालते. समृद्धी राज्याच्या महामंडळाची, अटल सेतू अन वांद्रे-वरळी सी लिंकसुद्धा राज्याकडचेच, तिथं तो पास चालत नाही, टॅगमधूनच पैसे कटतात. आपल्या रस्त्यावरचे नाके कोणाचे आहेत ते आधी बघा.

टायर चारही बदलले, १४,८०० रुपये, अन हा खर्च मला अजिबात जास्त वाटत नाही. समृद्धीवर सिमेंटचा रस्ता, तासनतास एकच स्पीड, जुना टायर तिथं दगा देऊ शकते. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. दुकानदार नवीन म्हणते म्हणून विश्वास ठेवू नका, ते आकडे वाचा.

९ डिसेंबर, मंगळवार. पहाटे साडेचारला निंगालो, मी, माय अन माझी बायको. लेकरांची शाळा होती म्हणून ती भावाकडे ठेवली. डब्यात पोळ्या, कोरडं बेसन, जवसाची चटणी, अन मायनं भाजलेल्या शेंगा. कारंजा लाडच्या इंटरचेंजवर चढलो तेव्हा अंधारच होता. चढताना पैसे कटत नाहीत, टॅग फक्त वाचला जाते, उतरताना किलोमीटरप्रमाणे कटतात. कारला २ रुपये ६ पैसे किलोमीटर आहे सध्या. कारला १२० ची मर्यादा आहे, मी ९० च्या वर गेलो नाही अन कोणी मागून हॉर्न वाजवला नाही, फक्त उजवी लेन ओव्हरटेकवाल्यांना मोकळी सोडा. झोप येते हे खरं आहे. वळण नाही, गाव नाही, म्हैस नाही, डोळे उघडे असून डोकं झोपते. दर दीड तासानं पंपावर थांबत गेलो, त्यातही बायांसाठी बरं बाथरूम असलेला पंप दिसला की लागलेली नसली तरी थांबायचं, पुढचा कधी येईल त्याचा नेम नाही. म्हातारं माणूस सोबत असेल तर हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण माय सांगतच नव्हती, तिला वाटे पोराला त्रास.

सिंदखेडराजाचा बोर्ड आला तेव्हा तिनं हात जोडले. जालना, संभाजीनगर, शिर्डी, सगळं बाजूनं निघून गेलं. इगतपुरीच्या बोगद्यात मात्र ती ताठ बसली. जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे, कसाऱ्याचा घाट आता लागतच नाही. हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, त्याच्या आधी गेलो असतो तर घाट उतरावाच लागला असता, अन मला घाटाचीच जास्त भीती होती. दीड वाजता समृद्धी संपते तिथं, आमणेला उतरलो, हजार-अकराशेच्या मधात टोल कटला. तिथून भिवंडी, कल्याण, शिळफाटा करत खारघरला भाच्याकडे पोचायला पावणेतीन तास लागले. सकाळपासूनच्या पाचशे किलोमीटरनी थकलो नव्हतो तेवढा या साठ किलोमीटरनी थकलो.

रात्री भाच्याच्या शेजारच्या काकू आल्या, मूळच्या मालवणकडच्या. आम्ही सकाळी नऊला निघून अटल सेतूवरून दादर म्हटल्यावर त्यांनी विचारलं, उद्या तिथी कोणती? भाच्याच्या बायकोनं कॅलेंडर पाहून सांगितलं, वद्य षष्ठी. काकू म्हणाल्या, मग तिथीची पाऊणपट करा, सहाचे साडेचार, म्हणजे साडेचारला पूर्ण भरती. तुम्ही दहाला पुलावर असाल तेव्हा नेमकी ओहोटी, शिवडीकडे तर नुसता चिखल दिसेल. आईंना समुद्र दाखवायचाय ना, मग साडेचारला कुठंतरी काठावर बसवा. दोन्ही पंधरवड्यांत हाच हिशोब चालते म्हणे, अष्टमीला सहा, अमावस्येला सव्वाअकरा. मी वावरातला माणूस, नक्षत्रावर पेरणी समजते मला, पण पाण्यालाही तिथी असते हे पहिल्यांदा ऐकलं. काकू नसत्या तर आमचा अख्खा दिवस वेगळा गेला असता. सकाळचं जाणं बदललं नाही, कारण मायला आधी चैत्यभूमीलाच जायचं होतं, पण साडेचारची वेळ पक्की धरली.

१० तारखेला भाच्यानं सुट्टी काढली अन माझ्या बाजूला बसला. मी म्हटलं नको, मायला पुढं बसव, तू मागून रस्ता सांग. हे बरोबरच झालं. मुंबईकडे जाताना डावीकडे मोकळं पाणी अन घारापुरीचं बेट, उजवीकडे तुर्भ्याचे (ट्रॉम्बेचे) डोंगर, तिकडे मधात काही अंतर उंच पडदे लावलेत त्यातून काही दिसत नाही. म्हणजे ज्याला दाखवायचं तो डावीकडे हवा. माय बुटकी, तिच्याखाली दोन उशा ठेवल्या तेव्हा कठड्याच्या वरून तिला दिसू लागलं. टोल गव्हाणकडे, एका बाजूचे २५०, गाडी थांबवावी लागलीच नाही, मेसेज आला तेव्हाच कळलं कटले म्हणून.

पूल २१.८ किलोमीटरचा, त्यातला साडेसोळा पाण्यावर. १०० ची मर्यादा आहे, मी ७०-८० नं डाव्या लेननं चाललो. पहिले काही मिनिटं खारफुटी, मिठागरं, मग एकदम दोन्हीकडे पाणी. माय काहीच बोलली नाही. तिचा पदर तोंडावर होता. दूर जहाजं उभी होती, तिला वाटलं घरं आहेत, भाच्यानं सांगितलं जहाज आहे आजी, तर म्हणाली, "येवढं लोखंड तरंगते?" अन मग म्हणाली, "थांबव ना बाबू, जराशीक."

थांबवता येत नाही. पुलावर थांबायला मनाई आहे, कॅमेरे आहेत, दंड होते, अन मुख्य म्हणजे मागून शंभरनं गाड्या येतात. मला हे माहीत होतं, तिला आधी सांगायला पाहिजे होतं ते राहून गेलं. तिचं तोंड पडलं, मला आत्ताही ते आठवते. तुम्ही कोणाला घेऊन जाल तर घरूनच सांगा की हा रस्ता समुद्र दाखवते पण उतरू देत नाही, बारा-तेरा मिनिटं डोळे भरून पाहून घ्यायचं, बसायला दुसऱ्या जागी जायचं. अन चालवणाऱ्यानं बाजूला बघायचं नाही, मी पूलभर रस्ताच पाहिला, समुद्र मी नंतर पाहिला. शिवडी जवळ आली अन काकूंचा शब्द खरा, काळा चिखल पसरलेला, त्यात पक्षी.

शिवडीला उतरल्यावर दादर जवळच, पण एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ पासून बंद होता, त्यामुळे टिळक पुलावर ही गर्दी. पन्नास मिनिटं लागली. मुंबईत गाडी चालवायची भीती असेल तर एवढंच सांगतो, स्पीडच नसते, कोणी अंगावर येत नाही, लेन बदलायची तर इंडिकेटर देऊन वाट पाहा, देतात जागा.

चैत्यभूमीला गर्दी ओसरली होती, चार दिवसांआधी लाखोंनी माणूस होतं तिथं. चपला काढून आत गेलो, मायनं मेणबत्ती लावली, पंचशील म्हटलं अन भिंतीला टेकून बसली. बराच वेळ. मी विचारलं नाही. उठताना म्हणाली, "तुह्या बाबानं सांगतलं होतं तसंच आहे, गोल." मागं दादरची चौपाटी, पाणी लांब गेलेलं, ओली वाळू, थोडा कचराही. तिनं पाहिलं अन विचारलं, "हाच का तो?" मी म्हटलं, माय, आता तो आत गेला आहे, साडेचारला येते. तिला ते पटलं नाही.

जेवण दादरला केलं, मग वरळीहून कोस्टल रोड धरला, बिंदुमाधव ठाकरे चौकातून दक्षिणेकडे. यावर टोल नाही. ८० ची मर्यादा, उजवीकडे पाणी, शेवटी मलबार हिलच्या खालून दोन किलोमीटरचा बोगदा अन बाहेर निघता तर थेट मरीन ड्राईव्ह. दहा मिनिटांत. इथंही मधात थांबायचं नाही. मरीन ड्राईव्हला पार्किंगसाठी डोकं लावू नका, भाचा अन बायको मायला घेऊन उतरले, मी आत चर्चगेटकडे जाऊन पे अँड पार्कमधे लावली अन चालत आलो.

पावणेपाच झाले असतील. माय कठड्यावर बसली होती, पाय आतल्या बाजूला, मान पाण्याकडे वळवलेली. पाणी खालच्या त्या चार पायांच्या सिमेंटच्या दगडांवर चढून आलं होतं, एक लाट आपटली की तुषार वर येत. ती प्रत्येक लाटेला मागं सरकत होती अन परत पुढं. मी बाजूला बसलो तर म्हणाली, "आला रे. तू म्हणला तसा आला." मग सूर्य खाली जाईपर्यंत आम्ही चौघं तिथंच. शेंगा खाल्ल्या. तिनं एकदाच विचारलं, "हे पानी खारं, मंग पाऊस गोड कसा?" भाच्यानं समजावून सांगितलं, वाफ होते अन मीठ खालीच राहते. तिनं ते नीट ऐकून घेतलं, अन थोड्या वेळानं म्हणाली, "म्हणजे आपल्या वावरात येते ते इथलंच." मी हो म्हटलं.

परतताना कोस्टल रोडनंच उत्तरेला, तो आता सरळ सी लिंकला जोडला आहे. सी लिंकचा टोल १०० कटला. ५.६ किलोमीटरचा पूल, २००९ मधला, रात्री तारांवर लाईट लागतात. दिवसा अटल सेतू अन अंधार पडल्यावर सी लिंक असा क्रम ठेवा, सी लिंकवर रात्री पाण्यापेक्षा पूलच बघायचा असते. वांद्रे, सायन, मग वाशीची खाडी. वाशीच्या नाक्यावर मी सवयीनं स्पीड कमी केला, भाचा म्हणाला चला मामा, ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना मुंबईच्या वेशीवर टोल नाही. साडेनऊला घरी.

११ ला आराम, १२ ला पहाटे निघून संध्याकाळी गावात. येताना समृद्धीवर सूर्य सकाळभर समोरून येते, काळा चष्मा घ्या.

हिशोब लिहितो. समृद्धी जाऊनयेऊन २,१६० च्या जवळपास, अटल सेतू २५०, सी लिंक १००, पेट्रोल आठ हजार, चहापाणी-जेवण-पार्किंग सतराशे. टायर, प्लेट अन टॅग वेगळे, ते आज ना उद्या लागणारच होते. टॅगमधे टाकलेले अडीच हजार पुरले, पण थोडक्यात, दोनशेच्या आत राहिले होते. तीन टाका.

गावात आल्यावर दोन दिवस आमच्या घरी बायांची रीघ होती. माय प्रत्येकीला पुलापासून सुरू करून सांगते, अन शेवटी तिथीची पाऊणपट. पुढच्या वर्षी तिला सहा तारखेलाच जायचं आहे, गाडीनं नाही, बायांसंगं रेल्वेनं. ६ डिसेंबरसाठी नागपूरहून खास गाड्या सुटतात, त्यातली बडनेऱ्याला थांबणारी पाहावी लागेल. गुडघ्यांचं काय म्हटलं तर म्हणाली, वर्ष आहे ना अजून, अन सकाळी अंगणात चालायला लागली आहे.